पत्र्याच्या सुट्या गॅरेजला आतून इन्सुलेशन आणि सीलिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराला न चिकटलेली, अंगणात किंवा परसात सुटी उभी असलेली, वर पत्रा आणि पुढे शटर असलेली खोली. तिला कोणी गॅरेज म्हणतं, कोणी शेड, कोणी नुसतंच ‘पत्र्याचं’. बांधतात गाडीसाठी, आणि दोन वर्षांत तिथे पिठाची गिरणी, शिवणयंत्रं किंवा शिकवणीचा वर्ग थाटतात. गाडी परत रस्त्यावर. मग मार्च उजाडला की प्रश्न यायला लागतात: पत्रा तापतो, काय करू? पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न खाली एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. पत्र्याखाली पंखा लावूनही गरमच का होतं? दारं-खिडक्या तर उघड्या असतात.

कारण त्रास हवेचा कमी आणि पत्र्याचा जास्त आहे. मे महिन्यातल्या दुपारी साधा पत्रा ६० ते ७० अंशांपर्यंत सहज तापतो. एवढा तापलेला पत्रा डोक्यावर असला की त्याची धग थेट अंगावर येते. चुलीसमोर बसल्यावर जशी लागते तशीच. मधली हवा थंड असली तरी ती लागतेच. पंखा हवा हलवतो, धग हलवत नाही. शिवाय पत्र्याला टेकून तापलेली हवा वर साचलेली असते आणि छताचा पंखा तीच खाली ढकलतो. म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये छताच्या पंख्यापेक्षा भिंतीवरचा किंवा उभा पंखा बरा, हे बिनखर्चाचं पहिलं उत्तर.

पत्र्याचा एक गुणही सांगायला हवा. तो पातळ असल्यामुळे उष्णता धरून ठेवत नाही. सूर्य मावळला की तासाभरात निवतो. स्लॅबचं उलट असतं, तो रात्री उशिरापर्यंत भाजत राहतो. म्हणजे शेड फक्त संध्याकाळी सातनंतर वापरायची असेल, तर पुढचं सगळं काम तुम्हाला कदाचित लागणारच नाही.

२. सरळ जिप्समचं फॉल सीलिंग करून टाकलं तर भागेल ना?

थोडं भागेल, पण पैसे मोजाल त्या मानाने कमी. जिप्सम बोर्ड स्वतः काही मोठा उष्णतारोधक नाही. १२.५ मिलिमीटरचा बोर्ड जेवढी उष्णता अडवतो, तेवढी रॉकवूलचा (दगडी तंतूंच्या लोकरीचा) तीनेक मिलिमीटरचा थरही अडवेल. सीलिंगचा खरा फायदा असा की तापलेला पत्रा नजरेआड होतो आणि मध्ये हवेचा थर राहतो. पण ती कोंडलेली हवा तापते, तिच्यामुळे बोर्ड तापतो, आणि दुपारी तीनच्या सुमारास बोर्डाला हात लावलात तर तो कोमट लागतो. आता तो बोर्डच धग देऊ लागलेला असतो.

सीलिंग दिसतं, इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, दिसत नाही. म्हणून लोक दिसणाऱ्या गोष्टीवर खर्च करतात आणि न दिसणारी ‘पुढच्या वर्षी’ करू म्हणतात. पुढच्या वर्षी ती करायला सीलिंग फोडावं लागतं.

३. मग कामाचा क्रम काय ठेवायचा?

आधी गळती, मग वरचा रंग, मग हवेची वाट, मग वायरिंग, मग इन्सुलेशन, आणि सीलिंग सगळ्यांत शेवटी. सीलिंग एकदा लागलं की वरचं काहीच दिसत नाही, हे या क्रमामागचं कारण.

गळती तपासायला पाऊस लागत नाही. एकाने वरून पाईपने पाणी सोडायचं, खालच्या बाजूपासून सुरू करून हळूहळू आढ्याकडे जायचं. दुसऱ्याने आत बॅटरी घेऊन उभं राहायचं. बहुतेक गळती पत्र्याच्या मधून नसते. स्क्रूखालचं रबर वाळून चिरलेलं असतं, किंवा दोन पत्र्यांचा चढ कमी पडलेला असतो. जे-बोल्ट असतील तर त्याखालची डांबराची चकती उडालेली असते. मी माझ्या शेडमध्ये ही तपासणी न करता सीलिंग केलं होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या सीलिंगवर चहाच्या डागासारखं पिवळं वर्तुळ उमटलं. पाणी ज्या स्क्रूतून येत होतं तो त्या वर्तुळापासून चार फूट दूर होता. तो सापडेपर्यंत दोन बोर्ड गेले.

वेळेचं म्हणाल तर दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत काम उरका. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली शिडीवर उभं राहून काम करणाऱ्याचे हाल बघवत नाहीत.

४. वरून पांढरा रंग मारला तर आतलं काम टळेल का?

पुष्कळदा हो. सगळ्यांत कमी पैशात सगळ्यांत जास्त फरक पाडणारं काम हेच आहे. यात एक गंमत आहे. कोरा चकचकीत पत्रा ऊन परतवत असेल असं वाटतं, आणि काही प्रमाणात परतवतोही. पण उघड्या धातूला आपली उष्णता बाहेर टाकणं नीट जमत नाही, म्हणून तो तापतच जातो. पांढरा रंग दोन्ही कामं करतो: ऊन परतवतो आणि अंगातली उष्णता आकाशाकडे सोडतो. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटांसाठी कृती आराखडा केला आणि २०१७ पासून वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला घेतली, ती याच तत्त्वावर.

चुना स्वस्त, पण पत्र्यावर नीट धरत नाही आणि पहिल्या पावसात वाहून जातो. छतासाठीचा म्हणून मिळणारा पांढरा लवचीक रंग घ्या. पत्रा गंजलेला असेल तर तारेच्या ब्रशने घासून आधी गंजरोधक प्रायमर लावा. रंगावर धूळ बसली की गुण कमी होतो, म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडावर छप्पर धुवा.

दिवसातून तासभरच शेडमध्ये जाणं असेल तर रंग आणि हवेची वाट (प्रश्न ५) एवढ्यावर थांबा. दिवसभर बसायचं असेल तर पुढे वाचा.

५. हवेची वाट म्हणजे नेमकं काय करायचं?

वळचणीला हवा आत यायला जागा आणि आढ्याजवळ बाहेर जायला जागा. भिंत आणि पत्रा यांच्यामधली फट लोक सिमेंटने बुजवतात, ती बुजवू नका, जाळी लावा. वर आढ्याला फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर बसवला तर त्याला वीज लागत नाही. पण तो बसवताना पत्रा कापावा लागतो, आणि त्याभोवतीची गळती हा वेगळा उद्योग होऊन बसतो. कारागीर अनुभवी नसेल तर दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत, जितक्या वर जमतील तितक्या वर, जाळीदार झरोके ठेवा. तेवढं पुरतं.

सीलिंग केल्यावरही पत्रा आणि सीलिंग यांच्यामधली जागा याच वाटेने मोकळी राहिली पाहिजे. एसी लावणार असाल तरी ती वरची जागा मोकळीच ठेवायची. फक्त सीलिंगच्या खालची खोली बंद करायची (प्रश्न १४).

६. थर्माकोल, ग्लासवूल, रॉकवूल, पफ… घ्यायचं काय?

उष्णता अडवण्यात थर्माकोल, ग्लासवूल आणि रॉकवूल जवळजवळ सारखेच आहेत. पफ (पॉलियुरेथेनचा फोम) सरस: ५० मिलिमीटर रॉकवूल जे काम करतं ते पफ ३० ते ३५ मिलिमीटरमध्ये करतो. म्हणून नुसत्या उष्णतेवरून निवड करू नका. आग, ओल आणि उंदीर यांवरून करा.

थर्माकोल स्वस्त, हलका, सहज कापता येणारा, आणि पेट घेणारा. पेटल्यावर तो वितळून जळते थेंब खाली पडतात आणि धूर घातक असतो. शिवाय ८० अंशांच्या आसपास तो मऊ पडायला लागतो, म्हणून तापणाऱ्या पत्र्याला थेट चिकटवणं हा त्याच्यावर अन्यायच. जिथे दुचाकी, पेट्रोल, रंगाचे डबे, वेल्डिंग किंवा गाडीचं चार्जिंग आहे, तिथे उघडा थर्माकोल मी कोणालाच सुचवत नाही. पफही जळतो आणि त्याचा धूर जास्त विषारी. तो वापरायचाच तर दोन पत्र्यांमध्ये बंद असलेलं तयार पॅनेल घ्या, म्हणजे छप्परच बदला. नवीन शेड बांधणाऱ्यांनी हा विचार जरूर करावा, मग सीलिंगचीही गरज उरत नाही.

जुन्या शेडसाठी माझी पसंती रॉकवूलला. ते दगड वितळवून काढलेल्या तंतूंचं असतं, पेटत नाही, आवाजही शोषतं (प्रश्न ११). वाईट बाजू म्हणजे वजन जास्त, आणि भिजलं की निकामी. ग्लासवूल (काचेच्या तंतूंचं) हलकं आणि स्वस्त, पण अंगाला खाजतं. हाताळताना पूर्ण बाह्या, हातमोजे, चष्मा आणि एन-९५ मास्क हवाच. कारागीर ‘काही होत नाही साहेब’ म्हणेल. त्याला मास्क तुम्ही आणून द्या.

७. चांदीसारखी बबल शीट लावली तर वेगळं इन्सुलेशन लागतं का? चकाकती बाजू वर की खाली?

बबल शीट म्हणजे हवेच्या फुग्यांच्या प्लॅस्टिकवर ॲल्युमिनियमचा चकाकता थर. तिचं काम उष्णता अडवण्याचं कमी आणि धग न देण्याचं जास्त. ॲल्युमिनियमचा स्वच्छ पृष्ठभाग स्वतः तापला तरी साध्या रंगवलेल्या पृष्ठभागाच्या मानाने अगदी थोडी, ३ ते ५ टक्क्यांच्या आसपासच धग सोडतो. पण त्याच्यापुढे मोकळी हवा असेल तरच. किमान एक इंचाची पोकळी हवी. शीट पत्र्याला वरून चिकटलेली आणि खालून बोर्डाला टेकलेली असेल तर तुम्ही महागडं चमकीचं कागदकाम केलंत.

चकाकती बाजू खाली ठेवा. वर ठेवली तर तिच्यावर धूळ बसते आणि चमक गेली की गुणही जातो. दोन्ही बाजूंनी चकाकणारी मिळाली तर प्रश्नच मिटला.

नवीन शेड बांधत असाल तर पत्रा टाकण्याआधी पर्लिनवर (पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या दांड्यांवर) जाळी ताणून तिच्यावर शीट अंथरतात. हे सगळ्यांत सोपं. जुन्या शेडला ती पर्लिनच्या खालून पट्ट्यांनी पकडावी लागते. दोन शीटचे सांधे ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने नीट बंद करा. साधी खाकी पट्टी एका उन्हाळ्यात सुटते आणि शीट लोंबायला लागते.

नुसती दुपारची धग कमी करायची असेल तर बबल शीट एकटी चालेल. एसी लावणार असाल तर चालणार नाही.

८. जाडी किती? जितकी जास्त तितकं चांगलं?

नाही, आणि इथे खूप पैसे वाया जातात. कागदावरचं गणित असं: उघड्या पत्र्यातून येणारी उष्णता १०० धरली, तर २५ मिलिमीटर रॉकवूलने ती वीस-बावीसवर येते, ५० मिलिमीटरने बारा-तेरावर आणि १०० मिलिमीटरने सहा-सातवर. पहिला इंच जे करतो ते पुढचे तीन इंच मिळूनही करत नाहीत. प्रत्यक्षात लोखंडी सांगाड्यातून थोडी उष्णता येतेच, त्यामुळे आकडे जरा वर सरकतात, पण चित्र तेच राहतं.

बिनएसीच्या शेडला ५० मिलिमीटर पुरे. एसी असेल तर ७५ किंवा १००. त्यापेक्षा लक्ष फटींकडे द्या. रॉकवूलच्या दोन तुकड्यांमध्ये बोटभर फट ठेवून लावलेलं १०० मिलिमीटरचं काम घट्ट बसवलेल्या ५० मिलिमीटरपेक्षा वाईट ठरू शकतं.

आणि एक गोष्ट आधीच कबूल करतो: इन्सुलेशन गारवा तयार करत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे बाहेर ४५ अंश असताना आत, एसी-कूलरशिवाय, बत्तीस होणार नाहीत. डोक्यावरची धग जाईल आणि बाहेरच्या झाडाच्या सावलीत बसल्यासारखं वाटेल. याहून जास्त कोणी कबूल करत असेल तर लिहून घ्या.

९. सीलिंगला जिप्सम, पीव्हीसी पॅनेल की सिमेंटचा बोर्ड?

तुमचं गाव कुठलं त्यावर आहे. देशावर, पुणे-सातारा-नगर पट्ट्यात, गळती नसेल तर जिप्सम बोर्ड उत्तम. त्याचा एक कमी सांगितला जाणारा गुण म्हणजे आग. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी स्फटिकांत बांधलेलं असतं. आग लागली की आधी ते पाणी वाफ होऊन जावं लागतं, तोवर वरचं सुरक्षित राहतं.

कोकणात आणि गोव्यात मात्र सुट्या शेडला साधा जिप्सम लावू नका. चार महिने हवेतच एवढं पाणी असतं की बोर्ड फुगतो, मधून लोंबतो आणि गणपतीपर्यंत कोपऱ्यांत काळी बुरशी दिसते. तिथे कॅल्शियम सिलिकेटचा किंवा फायबर सिमेंटचा बोर्ड घ्या. विदर्भात हवा कोरडी असली तरी एक गोष्ट लोक विसरतात: कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून आलेली ओली हवा दिवसभर बंद शेडमध्ये फिरते आणि सीलिंगलाच लागते. कूलर चालवायचा असेल तर खिडकी उघडी ठेवा किंवा ओलाव्याला टिकणारा हिरवा बोर्ड घ्या.

पीव्हीसी पॅनेल पाण्याला भीत नाही, रंग लागत नाही, एका दिवसात काम होतं. पण वर इन्सुलेशन नसेल तर उन्हाने मऊ पडून लाटा येतात, आणि आगीत ते वितळतं, धूरही घातक असतो. दोन बाय दोनच्या टाईल्सचं ग्रिड सीलिंग दिसायला बँकेसारखं दिसतं, मान्य. पण एक टाईल वर ढकलून कुठेही हात घालता येतो, ही सोय गिरणी किंवा वर्कशॉपवाल्यांना सोन्यासारखी आहे.

१०. एवढं वजन पत्रा पेलेल का? आणि शटर आडवं आलं तर?

पत्र्याला काहीही टांगायचं नाही. एक स्क्रूसुद्धा नाही. टांगायचं ते पर्लिनला किंवा कैचीला (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला).

हिशोब करून बघा. १० बाय २० फुटांची शेड म्हणजे २०० चौरस फूट, साडेअठरा चौरस मीटर. १२.५ मिलिमीटर जिप्समचं वजन चौरस मीटरला ८ ते ९ किलो. त्यात सांगाडा आणि ५० मिलिमीटर रॉकवूल धरून १३-१४ किलो. सगळं मिळून अडीचशे किलोच्या आसपास. चांगल्या बांधलेल्या कैचीला हे जड नाही. पण पुष्कळ शेड दोन बाय एक इंचाच्या पातळ पाईपवर, फॅब्रिकेटरच्या अंदाजाने उभ्या असतात. पर्लिन आत्ताच मधून वाकलेली दिसत असेल, किंवा वादळात छप्पर धडधडत असेल, तर आधी मध्ये एखादा आधार द्या. जमत नसेल तर सांगाडा छपराला न टांगता भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वतंत्र पाईपवर बसवा. १० फुटांच्या रुंदीत ते सहज होतं.

सांगाड्यात मुख्य पट्ट्या ४ फुटांवर आणि त्यांना आडव्या सीलिंग सेक्शन दीड फुटावर हव्यात. दीडाचे दोन फूट करून मिस्त्री सामान वाचवतो आणि दोन वर्षांनी बोर्ड पोट सोडतो. टेप घेऊन मोजा, लाजू नका.

शटरचं म्हणाल तर रोलिंग शटरची गुंडाळी वर फूट-सव्वा फूट जागा घेते. सीलिंग तिच्या अलीकडे थांबवून उभी पडदी घ्या आणि त्या पडदीला उघडणारी झडप ठेवा. शटरच्या स्प्रिंगला वर्षातून एकदा ग्रीस लागतं, आणि ती तुटते तेव्हा रविवारच असतो. उंची आधीच कमी असेल तर सपाट सीलिंगचा हट्ट सोडा. पत्र्याच्या उताराबरोबर पर्लिनच्या खालूनच बोर्ड मारा. खोली मोठी वाटते आणि मधली उंची वाचते.

११. पावसात शेडमध्ये फोनवर बोलता येत नाही. इन्सुलेशनने आवाज जाईल?

कमी होईल, जाणार नाही. थेंब पडला की पत्रा ढोलकीच्या पुडीसारखा थरथरतो. ती थरथर पत्र्यावरच मारली तर सगळ्यांत जास्त फरक पडतो. पत्र्याच्या खालच्या अंगाला चिकटणारी फोमची किंवा डांबरी शीट घट्ट चिकटवा, पोकळी न ठेवता. त्याखाली रॉकवूल आणि मग जड बोर्ड. हलकं पीव्हीसी पॅनेल आवाजाला काही करत नाही.

इथे प्रश्न ७ शी विरोध दिसतो, कारण तिथे पोकळी हवी म्हटलं होतं. दोन्ही खरं आहे: चिकटवलेल्या फोमच्या खालच्या बाजूला चकाकता थर असेल आणि त्याखाली इंचभर हवा असेल, तर दोन्ही साधतं.

१२. गळती नाही, पाऊसही नाही, तरी पहाटे वरून थेंब पडतात. हे काय?

दंव. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतो. आतली दमट हवा त्याला लागली की, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला सुटतं तसं, पाणी सुटतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळा संपल्यावर हे फार दिसतं. आत ओली गाडी, कपडे वाळवणं किंवा रात्री झोपणारी माणसं असतील तर आणखी.

सीलिंगच्या वर हे झालं तर रॉकवूल भिजतं आणि बोर्डावर डाग येतात. मग लोक वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात आणि तो छपरावर बिचारा काहीतरी फासून जातो. उपाय दोनच: वरच्या पोकळीतून वारा खेळता ठेवा (प्रश्न ५), किंवा दमट हवेला पत्र्यापर्यंत पोहोचूच देऊ नका, म्हणजे बंद पेशींचा (वाफ आत न घेणारा) फोम पत्र्याला सलग चिकटवा.

१३. वायरिंग आणि दिव्यांचं काय?

वायर पाईपमधूनच न्या आणि शक्यतो इन्सुलेशनच्या खालून. जाड थरात गुरफटलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून गिरणी किंवा एसीसारख्या जड भारासाठी एक माप जाड वायर घ्या. जोड सीलिंगमध्ये पुरू नका, डबी हाताला लागेल अशी ठेवा. खाचेत बसणाऱ्या एलईडीच्या पाठीवर रॉकवूल टाकू नका, भोवती थोडी मोकळी जागा सोडा. पंख्याचा हुक सांगाड्याला नाही, पर्लिनला.

१४. एसी बसवायचा आहे. आणखी काय लागेल?

शटर बंद करावं लागेल, आणि ते खरं कठीण आहे. शटरच्या पट्ट्यांतून आणि बाजूच्या खाचांतून एवढी हवा जाते की सीलिंगवर केलेला खर्च तिथून निघून जातो. शटरच्या आत सरकता किंवा घडीचा दरवाजा करा, नाहीतर एसीचा विचार सोडा. पश्चिमेकडच्या भिंतीवर बाहेरून सावली करा.

दुसरं, बाष्परोधक थर. आपल्याकडे दमट हवा बाहेरून आत येते, म्हणून ॲल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिकचा थर इन्सुलेशनच्या वरच्या, म्हणजे गरम बाजूला हवा. खाली टाकलात तर पाणी रॉकवूलमध्येच अडकतं. गाडी आणि पेट्रोलही तिथेच राहणार असेल तर खोली अशी हवाबंद करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, त्यामुळे खाली झरोका लागतोच.

१५. सीलिंगमध्ये उंदीर शिरतात. औषध कुठलं?

औषध नको, वर मेलेला उंदीर काढता येत नाही. पत्र्याच्या लाटा आणि भिंत यांच्यामधल्या फटी बुजवणारे फोमचे तुकडे मिळतात, ते लावा आणि जिथे हवा हवी तिथे बारीक लोखंडी जाळी. प्लॅस्टिकची जाळी उंदीर एका रात्रीत कुरतडतो. पिठाच्या गिरणीवाल्यांनी हे आधी करावं, बाकी सगळं नंतर. पाली येणारच.

१६. आमच्याकडे सिमेंटचे जुने पत्रे आहेत. त्यांना भोक पाडून सीलिंग टांगू का?

नाही. जुने सिमेंटचे पत्रे बहुतेक ॲस्बेस्टॉसचे असतात. भारतात त्यांची विक्री बंद नाही, पण ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांनी कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं आहे. धडधाकट पत्रा नुसता वर पडून असेल तर धोका कमी. तो कापला, भोसकला, घासला की तंतू हवेत उडतात. म्हणून सांगाडा पर्लिनला पट्टीने पकडा, पत्र्याला ड्रिल लावू नका, शेवाळ काढायला कोरडा ब्रश मारू नका, आणि पडलेला भुगा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आणि त्यावर चढू नका. हे पत्रे जुने झाले की पापडासारखे तुटतात. चढणं अटळच असेल तर बोल्टच्या रांगेवर फळी टाकून, तिच्यावरूनच. मधले पारदर्शक फायबरचे पत्रे तर याहून फसवे.

वरून पांढरा रंग (प्रश्न ४) या पत्र्यांना चांगला बसतो आणि तंतूही बांधून ठेवतो.

१७. कौलारू शेड असेल तर?

मंगलोरी कौलं पत्र्याइतकी तापत नाहीत आणि फटींतून वारा खेळतो, त्यामुळे पुष्कळदा काहीच करायला लागत नाही. पूर्वी कौलांखाली बांबूचे तट्टे मारत, ते आजही चांगलं काम आहे. सीलिंग केलंच तर कौलांना काही चिकटवू नका. एखादं कौल सरकलं तर हात घालून सारखं करता यायला हवं.

१८. गॅरेजवर स्लॅब आहे. हेच सगळं लागू का?

बरंचसं नाही. स्लॅब उष्णता साठवतो, म्हणून उपाय वरून करायचा: वर उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढरी टाईल किंवा फुटक्या चिनीमातीचा थर. आतून सीलिंग केलं तर स्लॅब तसाच तापत राहतो. टांगणी सोपी, एवढाच फायदा.

१९. पत्र्यावर तुराट्या, गवत किंवा ओली गोणपाटं टाकतात, ते चुकीचं का?

चुकीचं मुळीच नाही. गावाकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं ते इन्सुलेशनच आहे, आणि ओल्या गोणपाटाइतकं गार छप्पर कुठलाही रंग देत नाही. अडचण आगीची, आणि पावसाळ्याआधी सगळं उतरवण्याची. ते राहून गेलं की त्याखाली पत्रा गंजतो. पाण्याची टंचाई असलेल्या गावात गोणपाट भिजवा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

२०. एका कोटेशनपेक्षा दुसरं दीडपट आहे. कुणाचं खरं?

दर गावागणिक बदलतात, म्हणून आकडा सांगत नाही. पण दोन्ही कागदांवर या गोष्टी लिहिल्या आहेत का बघा: इन्सुलेशनचं नाव, जाडी आणि घनता, बोर्डाची जाडी, सांगाड्याच्या पत्र्याची जाडी आणि अंतरं. नुसतं ‘इन्सुलेशनसह फॉल सीलिंग’ लिहिलं असेल तर ते थर्माकोलच्या पातळ शीटसह आहे असं समजा. मोजमाप कसं धरलं तेही विचारा. उताराबरोबर काम असेल तर क्षेत्रफळ फरशीपेक्षा जास्त भरतं, त्यात लबाडी नाही. सपाट सीलिंगला मात्र फरशीएवढंच.

२१. स्वतः करता येईल का?

रंग, बबल शीट आणि रॉकवूल बसवणं दोघांत होतं. पीव्हीसी पॅनेलही जमतं. जिप्सम बोर्ड डोक्यावर धरून स्क्रू मारायला तीन माणसं लागतात, आणि सांध्यांवर कागदी पट्टी बसवून पुट्टी ओढणं हे कसबाचं काम. घरच्या घरी केलेले सांधे तिरप्या उन्हात दिसतातच. सांगाडा स्वतः करा, सांधे कारागिराकडून करून घ्या. वीज मात्र वायरमनकडूनच.

२२. आम्ही अमेरिकेत, बर्फ पडतो तिथे राहतो. घराबाहेर सुटं लाकडी गॅरेज आहे. हेच करायचं का?

तुमच्याकडे गोष्टी उलट्या होतात. थंड प्रदेशात ओलावा आतल्या गरम हवेतून वर जातो, म्हणून बाष्परोधक थर किंवा कागद लावलेली बाजू खाली, खोलीकडे हवी. इथल्या नातेवाइकांनी प्रश्न १४ वाचून सल्ला दिला तर ऐकू नका. वरच्या पोकळीला वळचण आणि आढ्याकडून वारा हवा. तिथल्या नियमांत साधारण दीडशे चौरस फुटांना एक चौरस फूट झरोका असं प्रमाण असतं, आणि वळचणीतले झरोके इन्सुलेशनने बुजू नयेत म्हणून मध्ये आडोसे लावतात.

लाकडी कैच्या दोन-दोन फुटांवर असतील तर अर्ध्या इंचाचा साधा बोर्ड वरच्या ग्लासवूलच्या भाराने लोंबतो. पाच अष्टमांश इंचाचा घ्या. पण त्याआधी त्या कैच्या सीलिंगचा भार धरून केल्या होत्या का ते तपासून घ्या. सुट्या गॅरेजच्या पुष्कळदा नसतात, आणि वर बर्फाचं वजन असतंच. शेवटचं, गॅरेजमध्ये हीटर लावणार नसाल तर हा खर्च करू नका. नुसत्या इन्सुलेशनने बंद गॅरेज उबदार होत नाही, फक्त उशिरा गारठतं.